टांगती तलवार आणि द्राक्षमळ्याचा धनी

सामान्य काळातील पंचविसावा रविवार
पहिले वाचन : यशया ५५:६-९
दुसरे वाचन : फिलिप्पैकरांस १:२०-२४, २७
शुभवर्तमान : मत्तय २०:१-१६



गेल्या काही महिन्यांत घरभेटींना जाताना एक बदल आमच्या ध्यानात आला आहे. पूर्वी लोक आजारपणासाठी प्रार्थना मागत, मुलीचे लग्न जुळावे म्हणून मागत, दहावीच्या परीक्षेसाठी तर हमखास मागत. आता चहाचा कप समोर ठेवता ठेवता घरातली बाई हळूच म्हणते, ‘फादर, ह्यांच्या कंपनीसाठी जरा प्रार्थना करा.’ कंपनीसाठी म्हणजे नेमकी कशासाठी, हे ती सांगत नाही. घरधन्याकडे पाहावे, तर तो टीव्हीचा आवाज वाढवतो किंवा पावसाचा विषय काढतो. दोन मिनिटांनी आम्हीही पावसावर बोलू लागतो. कप रिकामा होतो, आशीर्वाद देऊन होतो आणि बोलायचे ते तसेच राहते. आज ते बोलू या.

काम जाईल की काय, ही भीती आपल्या धर्मग्रामातील बऱ्याच घरांत आहे. काम गेलेले नाही, पण जाईल असे वाटते. कोणाच्या गोदामात माल छाननारी नवी यंत्रे आली आहेत. कोणाच्या ठेकेदाराचा करार मार्चपर्यंतच आहे. कोणाचा मुलगा ऐरोलीला संगणक कंपनीत आहे आणि तो घरी फारसे बोलत नाही. काम गेल्यावरचे दुःख निदान सगळ्यांना दिसते, लोक येऊन धीर देतात. जाण्याच्या भीतीचे तसे नाही. माणूस रोज डबा घेऊन जातो, रोज परत येतो, पहिल्या तारखेला पगारही होतो. कोणी येऊन धीर द्यावा असे काही घडलेलेच नसते. पण रात्री दोन वाजता तो उठून पाणी पितो आणि पुन्हा झोप लागत नाही.

आता शुभवर्तमानाकडे वळू. द्राक्षमळ्याच्या धन्याची ही बोधकथा आपण इतक्यांदा ऐकली आहे की, आपले सगळे लक्ष शेवटच्या मजुरीवर असते. एक तास राबलेल्याला एक दीनार, दिवसभर राबलेल्यालाही एकच दीनार, हे कसे? हा प्रश्न मोठाच आहे, त्याच्याकडे येऊच. पण त्याआधी जरा त्या चौकात थांबू. धनी पहाटे चौकात जातो आणि मजूर ठरवतो. नऊच्या सुमारास पुन्हा जातो, बाराला जातो, तीनला जातो. दिवस मावळायला तासभर उरला असताना आणखी एकदा जातो, तर तिथे अजून माणसे उभी. तो विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे राहिलात? ती सांगतात की, आपल्याला कोणी कामाला लावलेच नाही.

हे उत्तर आळशी माणसाचे नाही. आळशी माणूस संध्याकाळी पाचपर्यंत चौकात उभा राहत नाही, तो दहा वाजताच घरी जाऊन झोपतो. ही माणसे बारा तासांतले अकरा तास उन्हात उभी होती. दर वेळी धनी आला, इतरांना घेऊन गेला आणि ती मागे राहिली. तरी ती हलली नाहीत, कारण रिकाम्या हाताने घरी जाण्यापेक्षा उभे राहणे बरे होते. कल्याणच्या किंवा भिवंडीच्या मजूर नाक्यावर सकाळी गेलेल्यांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. आठ वाजता तिथे उत्साह असतो, अकरा वाजता गप्पा असतात आणि दुपारी जे उरतात ते एकमेकांकडे पाहत नाहीत.

आपल्या पडघ्याला हा चौक नवा नाही, त्याचे रूप तेवढे बदलले. या परिसरात आधी भातशेती होती. मुंबईत माल नेताना जकात भरावी लागे, म्हणून व्यापाऱ्यांनी मुंबईच्या हद्दीबाहेर भिवंडी तालुक्यात गोदामे बांधली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली, पण गोदामे राहिली आणि नाशिक महामार्गाने आपल्यापर्यंत वाढत आली. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा तो रस्ता आपल्या शेजारी येऊन पोहोचला. भात पिकवणाऱ्या घरांतली मुले स्कॅनर हातात घेऊन उभी राहिली. यात वाईट काही नाही. महिन्याला ठरलेला पगार येतो, पीएफ कापला जातो, मुलांना बरी शाळा मिळते. पण यातली बरीच कामे ठेकेदारामार्फत असतात. दसरा-दिवाळीच्या आधी गेटवर भरती असते, दिवाळी सरली की पास पुढे वाढवून मिळत नाही. म्हणजे चौक गेटच्या आत आला, एवढेच.

आपल्याआधी ही वेळ ज्यांच्यावर आली, त्यांची आठवण काढायला हवी. मुंबईच्या कापड गिरण्यांत ‘बदली’ कामगार असत. पाळीच्या वेळी दारावर हजर राहायचे, कोणी कायम कामगार आला नसेल तर त्याच्या जागी काम मिळायचे, नाहीतर आल्या पावली परत. वर्षानुवर्षे माणसे बदलीवर राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. तो विरून गेला आणि हजारो माणसे गिरणीच्या आत परत कधी गेली नाहीत. संप चालू असताना देशाला लागणारे कापड कुठे विणले जात होते? बरेचसे यंत्रमागांवर आणि त्यात आपली भिवंडी पुढे होती. लालबाग-परळच्या चुली विझत होत्या तेव्हा भिवंडीचे माग रात्रंदिवस खडखडत होते. यात भिवंडीच्या मजुराचा दोष नव्हता, त्यालाही पोट होते. पुढे मंदीची पाळी यंत्रमागांवरही आली. पलीकडे उल्हास नदीकाठी मोहन्याची एनआरसी कंपनी २००९ साली बंद पडली आणि कामगारांची देणी वर्षानुवर्षे अडकली. कल्याणला नोकरीधंद्यासाठी जाणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक आहे.

हे सगळे भीती वाढवायला सांगत नाही. काम जाण्याची वेळ आली की, प्रत्येक माणसाला वाटते, हे माझ्यावरच आले, माझ्यातच काही उणे आहे. गिरणीत वीस वर्षे साचा चालवणाऱ्यालाही तसेच वाटले असेल. पण अडीच लाख माणसे एकाच वेळी नालायक कशी होतील? २०२५ च्या जुलैत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचाऱ्यांना कमी करणार असल्याचे जाहीर केले. ती शिकलेली, इंग्रजी बोलणारी माणसे होती. माणसाची लायकी आणि कंपनीची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौकात पाचपर्यंत उभे राहिलेल्यांत काय कमी होते, हे प्रभू येशू सांगत नाही. ते अशक्त होते, म्हातारे होते, असे काही तो म्हणत नाही. त्यांना कोणी बोलावले नव्हते, इतकेच.

आपल्यातल्याच एका कुटुंबाची गोष्ट त्यांच्या संमतीने, नाव न घेता सांगतो. घरधनी एका गोदामात सात वर्षे कामाला होते. एका शनिवारी ठेकेदाराच्या माणसाने सांगितले की, सोमवारपासून येऊ नका. घरी त्यांनी काही सांगितले नाही. सोमवारी नेहमीप्रमाणे सात वाजता डबा घेऊन निघाले. कल्याण स्टेशनच्या फलाटावर बसले, दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर, तिसऱ्या दिवशी आणखी कुठे. असे पाच आठवडे चालले. पहिली तारीख आली तेव्हा पगार म्हणून बायकोच्या हातात काहीतरी ठेवायला हवे, म्हणून एका ओळखीच्या माणसाकडून महिना पाच टक्के व्याजाने तीस हजार रुपये घेतले. बायकोला संशय आला तो शर्टावरून. गोदामातल्या धुळीने रोज कॉलर काळी व्हायची, घासून घासून धुवावी लागायची. ती पाच आठवडे स्वच्छ येत होती. चार दिवस ती काही बोलली नाही. पाचव्या दिवशी सकाळी तिने दोन कप चहा ठेवला आणि विचारले, ‘उद्यापासून डबा करू का नको?’

ते गृहस्थ आम्हांला म्हणाले, ‘फादर, नोकरी गेल्याचे दुःख त्या दिवशी निम्मे झाले. मात्र तीस हजारांचे कर्ज तेवढेच राहिले.’ ते कर्ज त्यांना पुढचे वर्षभर पुरले. नोकरी गेल्याने झालेल्या नुकसानीपेक्षा ती लपवल्याने झालेले नुकसान फेडायला जड गेले. आज त्या बाई पापड-कुरडया करतात, ते स्वतः रिक्षा चालवतात आणि दोघे आठ वाजताच्या मिस्साला एकत्र येतात. सगळे सुरळीत झाले असे ते म्हणत नाहीत आणि आम्हीही म्हणणार नाही. मुलीची शाळा बदलावी लागली, ते अजून त्यांच्या मनाला लागून आहे.

पुरुषमंडळींनो, आपण हे का लपवतो? बायकोला काळजी नको म्हणून, असे आपण म्हणतो. पण खरे कारण बहुधा वेगळे असते. घरात आपली किंमत पगाराने ठरते, असे आपणच मनाशी धरून बसलेले असतो. पगार गेला की जेवायला बसण्याचा हक्कही गेला, असे वाटू लागते. काही घरांत तर संत पौलाचे नाव घेऊन तसे ऐकवलेही जाते. थेस्सलनीकाकरांना लिहिताना पौलाने काम न करणाऱ्यांना खडसावले आहे, हे खरे. पण ते ज्यांना काम करायची इच्छा नाही त्यांच्यासाठी आहे, ज्यांना काम मिळत नाही त्यांच्यासाठी नाही. जेवणाच्या ताटावर बसलेल्या बेकार मुलाला ते वचन ऐकवणे म्हणजे देवाचे शब्द दगडासारखे फेकून मारणे आहे. पौल स्वतः तंबू शिवून पोट भरीत असे. करिंथ शहरात तो अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहिला. सम्राट क्लौद्याने यहुदी लोकांना रोममधून हाकलले, तेव्हा या दोघांचे घर आणि बस्तान रोमला सुटले होते. परक्या शहरात त्यांनी तोच धंदा पुन्हा मांडला आणि त्याच छपराखाली पौलाला जागा दिली. पुढे ख्रिस्तसभा त्यांच्या घरात जमू लागली.

आता दीनाराचा प्रश्न. एक दीनार ही त्या काळी मजुराची दिवसाची मजुरी. एका घराला एक दिवस खायला तेवढे लागे. धन्याने पाच वाजता आलेल्याला तासाच्या हिशेबाने दिले असते, तर त्याच्या घरी त्या रात्री मुले उपाशी झोपली असती. धन्याने घड्याळ पाहिले नाही, चूल पाहिली. आणि तेही त्याच संध्याकाळी दिले, कारण मजुराची मजुरी दिवस मावळण्याआधी द्यावी, असे मोशेच्या नियमशास्त्रात सांगितले होते. (आपल्याकडे ज्यांची मजुरी दोन-दोन महिने अडकते त्यांनी हे लक्षात घ्यावे आणि जे अडकवतात त्यांनी अधिक.)

पहाटेपासून राबलेले कुरकुरले. त्यांचे आपल्याला पटते, कारण आपण स्वतःला त्यांच्यात धरतो. काम कमी होऊ लागले की कारखान्यात आणि गोदामात हीच कुरकुर सुरू होते. मी दहा वर्षे घासली, तो कालचा आला, त्याला ठेवले आणि मला काढले. कायम माणूस ठेक्यावरच्याकडे संशयाने पाहतो, इथला बाहेरून आलेल्याकडे. ज्यांना अजून काम आहे ते ज्यांचे गेले त्यांच्याशी बोलणे टाळतात, जणू बेकारी संसर्गाने होते. कुरकुरणाऱ्यांना धनी जे सांगतो त्याचा अर्थ असा की, तुमचे ठरलेले तुम्हांला मिळाले, दुसऱ्याला मिळाले म्हणून तुमच्या डोळ्यांत का सलावे? ही चांगुलपणाची असूया आपल्यातही आहे. ती मोडली पाहिजे, कारण भीतीच्या दिवसांत तीच आपल्याला सर्वांत आधी एकमेकांपासून तोडते.

पहिल्या वाचनात यशया म्हणतो की, देवाचे विचार आपल्या विचारांहून फार उंच आहेत. हे वचन संकटात सापडलेल्याला ऐकवण्याची आपल्याला खोड आहे. कोणाचे काम गेले की, ‘देवाच्या मनात काहीतरी असेल’ म्हणून आपण मोकळे होतो. पण त्या उताऱ्याचा संदर्भ पाहा. देव भरभरून क्षमा करतो, हे सांगताना यशया ते म्हणतो. देवाची दया माणसाच्या हिशेबात मावत नाही, इतका त्याचा अर्थ. गोदामातली माणसे कमी करायचे कोणी ठरवले असेल, तर ते एका कार्यालयात बसलेल्या माणसांनी ठरवले. ते देवाच्या नावावर खपवायचे कारण नाही.

आपली ख्रिस्तसभा या बाबतीत गप्प राहिलेली नाही. परमगुरुस्वामी लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक काढून कामगारांच्या न्याय्य वेतनाचा आणि संघटनेचा हक्क मांडला. १९८१ साली त्याला नव्वद वर्षे झाली, तेव्हा पोप जॉन पॉल दुसरे यांनी कामावर एक परिपत्रक लिहिले. मे महिन्यात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, म्हणून ते सप्टेंबरात प्रसिद्ध झाले. गिरणी संपाच्या जेमतेम चार महिने आधी. हे पोप तरुणपणी, महायुद्धाच्या काळात, पोलंडमध्ये दगडाच्या खाणीत आणि नंतर सोल्वे या रसायनांच्या कारखान्यात राबले होते. त्यांचे म्हणणे असे की, कामाला मोठेपण येते ते करणाऱ्या माणसामुळे, म्हणून माणसाला कामाच्या मापाने मोजू नये. आणि बेकारांना जगण्यापुरते साह्य देणे हे समाजाचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हेच नाव घेतले, ते कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे माणसाच्या श्रमापुढे उभे राहिलेले नवे प्रश्न डोळ्यांपुढे ठेवून. म्हणजे पडघ्याच्या गोदामातले छाननीयंत्र रोममध्येही कोणाच्या तरी विचारात आहे.

पण रोमचे पत्र वाचून शनिवारचा बाजार होत नाही. ज्याला उद्याची भीती आहे, त्याने आज काय करावे?

गेल्या वर्षी याच पंचविसाव्या रविवारी आपण लूककृत शुभवर्तमानातील अन्यायी कारभाऱ्याची गोष्ट ऐकली होती. तो लबाड होता, त्याची लबाडी प्रभूला मान्य नाही. तरीही धन्याने त्याच्या हुशारीची वाखाणणी केली. का? आपले काम जाणार हे कळताच तो स्वतःशी खरे बोलला. मला खणता येणार नाही, भीक मागायला लाज वाटते, मग काय करू? काम जाणार नाही, असे त्याने स्वतःला फसवले नाही. उरलेल्या दिवसांत त्याने हिशेबाची वही उघडली आणि ज्यांच्या दारी जाता येईल अशी माणसे आठवली. लबाडी सोडून बाकी सगळे आपण त्याच्याकडून घ्यावे.

पहिले, घरी बोलावे. मुले आठवी-नववीच्या पुढे असतील तर त्यांच्यासमोरही बोलावे, त्यांना नाहीतरी कळलेले असते. घरात महिन्याला किती येते आणि किती जाते, हे दोघांनी एका कागदावर मांडावे. नवा हप्ता सध्या घेऊ नये, मग मोबाईलचा असो की दुचाकीचा. खासगी व्याजाने पैसे घेण्याआधी आमच्याकडे या. वसईत मोन्सिन्यॉर पी. जे. मोनिस यांनी १९१८ साली पतसंस्था काढली, तीच आजची बसीन कॅथलिक बँक. कर्ज वाईट नसते, पण ते अंधारात आणि घाबरून घेतले की गळ्याला लागते.

दुसरे, कागद सांभाळावेत. वर सांगितलेल्या गृहस्थांच्या सात वर्षांत तीन ठेकेदार बदलले आणि पीएफची तीन खाती झाली, ती एकत्र करता करता त्यांची दमछाक झाली. नेमणुकीचे पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफचा यूएएन क्रमांक, ईएसआयचे कार्ड हे सर्व काम चालू असतानाच एका पिशवीत असू द्या. पीएफची सगळी रक्कम घाईने काढू नका, कारण दहा वर्षांची नोकरी भरली तर निवृत्तिवेतनाचा हक्क लागतो आणि मधेच काढल्याने तो बुडू शकतो. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीत काढायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांची सरासरी मजुरी द्यावी लागते. हे १९४७ च्या कायद्यात होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही आहे. राजीनाम्यावर सही करून द्या म्हणजे हिशेब लवकर होईल, असे कोणी म्हणाले, तर त्या दिवशी सही करू नका. घरी या, विचारा, मग ठरवा. राजीनामा दिला की कपातीची भरपाई मागता येत नाही.

तिसरे सांगायला आम्हांला जरा संकोच वाटतो, कारण ते फार साधे आहे. जेवावे आणि झोपावे. एलिया संदेष्टा जिवाच्या भीतीने रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवाने त्याला उपदेश केला नाही. देवदूताने त्याला उठवून भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खायला दिले. देवाचा शब्द त्यानंतर आला. दारूने येणारी झोप ही ती झोप नव्हे, हे आपण जाणतोच. आणि एलियासारखी मरणाची भाषा कोणाच्या तोंडी आली, गमतीने जरी आली, तरी ती गंमत समजू नका. त्या माणसाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी आम्हांला किंवा डॉक्टरांना कळवा.

भगिनींनो, गिरणगावात कामगारांना जेवण देणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकारांच्या कचाट्यात होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, बँकेची कर्जे मिळवून दिली. पुढे गिरण्या गप्प झाल्या, तेव्हा कितीतरी घरे बायकांच्या हातच्या पोळीभाजीवर तगली. आपल्या घरातही हे होऊ शकते. मात्र ते झाल्यावर ‘मी होते म्हणून’ हे वाक्य रोज जेवणाबरोबर वाढू नये, एवढी विनंती.

आपल्यात काही सुपरवायझर आहेत, एक-दोघे ठेकेदारही आहेत. माणसे कमी करा असा निरोप वरून येतो आणि तो पोहोचवणे तुमच्या वाट्याला येते, हे आम्ही समजतो. पण कसे सांगायचे, हे तुमच्या हातात असते. सकाळी गेटवर कार्ड चालत नाही आणि मागे रांगेतले लोक पाहत आहेत, अशा रीतीने कोणाला कळू देऊ नका. बोलावून घ्या, बसायला खुर्ची द्या, हिशेब कधी मिळेल ते सांगा आणि त्या तारखेला द्या. द्राक्षमळ्यातही मजुरी वाटण्याचे काम कारभाऱ्याकडेच होते.

आणि एक गोष्ट आपण सर्वांनी लक्षात ठेवली पाहिजे. काम जाण्याची भीती ही काम असणाऱ्याची भीती आहे. आपल्या आसपासच्या पाड्यांवरची कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात, तेव्हा त्यांचे काम दर वर्षी जातेच. त्यांच्यासाठी आपण कधी कंपनीसारखी प्रार्थना मागितली नाही. आता आपल्या पायाखालची जमीन हलते आहे, तर ती माणसे किती वर्षे हलत्या जमिनीवर उभी आहेत, हे निदान दिसू लागावे.

आजच्या बोधकथेत आम्हांला सर्वांत जास्त विचार करायला लावते ती धन्याची पाचवी फेरी. मळ्याला पाच वाजता माणसांची गरज होती, असे कुठे म्हटलेले नाही. तरी तो गेला. धर्मग्राम म्हणून आपण हे करू शकतो का? कोणाच्या ओळखीत चालकाची जागा असते, कोणाच्या दुकानात हिशेब लिहायला माणूस हवा असतो, कोणाच्या शेतावर गडी लागतो. हे आपण रविवारी मिस्सा सुटल्यावर मोटारसायकलला किक मारता मारता सांगतो आणि विसरतो.

म्हणून असे ठरवले आहे. पुढच्या रविवारी आठ वाजताच्या मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये आपण बसणार आहोत. संत विन्सेंट दी पॉल संस्थेचे सभासद एक वही ठेवतील. ज्यांच्याकडे काम देण्यासारखे आहे, मग ते आठ दिवसांचे का असेना, त्यांनी त्यात लिहावे. ज्यांना काम हवे आहे त्यांचे नाव त्या वहीत लिहिले जाणार नाही, ते आमच्याजवळ राहील. पीएफ आणि कपातीच्या नियमांची माहिती असलेले आपल्यातलेच दोघे जण त्या दिवशी हजर असतील, तेव्हा कागदांची पिशवी आणावी. जोडीने आलात तर अधिक बरे. ज्यांना सर्वांसमोर यायचे नाही, त्यांनी आठवड्यात कधीही संध्याकाळी पाचनंतर बंगल्यावर यावे. पावसाचा विषय आम्ही काढणार नाही.